हातमोजे घालून जीपीएस

मी तेव्हा दुबईत बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात रुवैसच्या रिफायनरीतला एक कॅनेडियन इंजिनिअर आला. त्यानं जाडजूड लोकरी हातमोजे चढवले आणि एकेका जीपीएसची बटणं दाबून बघू लागला.

"आम्ही गावी गोठलेल्या तळ्यावर मासे धरतो," तो हसून म्हणाला. "तिथे हातमोजे काढले की बोटं गेलीच!"

शेवटी त्यानं मोठ्या बटणांचा सेट पसंत केला. तळ्यांचे नकाशे मात्र आमच्याकडे नव्हते, होते ते सगळे आखाताचे.

"चालेल. मासे कुठे लागतात ते वडिलांना पाठ आहे. मला फक्त घराची खूण हवी. हल्ली ते परतीची वाट विसरतात."

मी पिशवीत बॅटऱ्यांचा जादा जोड टाकला.

"हबीबी, हे कशाला?" त्यानं इथल्या अरबी लकबीत, दोस्ताला विचारावं तसं विचारलं.

"सोबत वडील आहेत ना," मी म्हटलं.