ट्यूबलाइटमागची पाल

ब्रिस्बेनला येऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळी पडदा ओढायला गेले, तर त्यावर तळहाताएवढा कोळी. मी किंचाळले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या आणि हसून म्हणाल्या, "राहू दे त्याला. झुरळं खातो तो."

त्या गेल्यावर मी पाय वर घेऊन खुर्चीत बसले आणि सांगलीला आईला फोन लावला. कोळ्याचं काही बोलले नाही. "मजेत आहे गं मी. दिवाळीला नक्की येते," म्हणाले. रजा मिळेल की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात ट्यूबलाइटमागून आवाज आला, चुक्‌ चुक्‌ चुक्‌. पाल! घरी जिला मी झाडू घेऊन हाकलायचे, तिच्या आवाजाने इथे माझे डोळे भरून आले. इथल्या पाखरांची, किड्यांची नावंही मला येत नाहीत. इतक्या दिवसांत ओळखीचं असं हेच पहिलं कुणी बोललं होतं.

पलीकडे आईने टेबलावर बोटाने टकटक केलं. "कृष्ण कृष्ण! पाल चुकचुकली बघ. म्हणजे तू येणार."

आईला पुन्हा ऐकू यावं म्हणून मी खुर्चीवर चढले आणि फोन छताजवळ धरून उभी राहिले.