एकच पाय गार

माझे सासरे, आमचे नाना, चोपड्याजवळच्या गावी राहतात. केळीचा मळा घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. गेल्या वर्षी ते वाटेत ओट्याओट्यावर थांबून गप्पा मारायला लागले. गावाला वाटलं, म्हातारा बोलका झाला. नाना मुळात घुमे, म्हणून मला ते खटकलं. विचारलं तर म्हणाले, "पोटरी धरस. जरा बसनू का मोकळी व्हस. वय शे, बाई."

सासूबाईंनी कमरेची नस दबल्याचं ठरवून टाकलं होतं. रोज संध्याकाळी वीट तापवून शेक चालू. मळा बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचं बोलणंही सुरू झालं होतं. त्या विषयावर नाना जेवण अर्धं टाकून उठत.

मे महिन्यात मी धुळ्याहून गेले. फरशीसुद्धा चटके देत होती. नखं कापून द्यावीत म्हणून नानांचा पाय हातात घेतला, तर उजवा गार. डावा चांगला गरम. उजव्या नडगीवरचे केस गेलेले, कातडी तुकतुकीत.

"नाना, उद्या धुळ्याला चला."

"कायले? पायले ठंडी वाजनी का?"

"मे महिन्यात वाजतेय, म्हणूनच."

डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली, दंडावरचा आणि घोट्यावरचा रक्तदाब ताडून पाहिला, मग सोनोग्राफी केली. कमरेचा संबंधच नव्हता. पायाची रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. चालताना पोटरीला रक्त पुरत नव्हतं. हे दुखणं पायापुरतंच राहतं असं नाही, म्हणून हृदयही तपासलं. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी, चरबीसाठी दुसरी. शेक बंद, कारण अशा पायाला भाजलं तर जखम भरत नाही आणि पाय गमवायची पाळी येते.

"बिडी?" नानांनी स्वतःच विचारलं.

"बंद," डॉक्टर म्हणाले.

"दिनमां एक?"

"पाय किती ठेवायचा, तेवढं सांगा."

नानांनी खिशातलं बंडल माझ्या हातात दिलं.

शिवाय रोज चालायचं होतं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. सासूबाई फोनवर माझ्यावरच घसरल्या. "दुखस तरी चाला सांगस? हाऊ कसा डाक्टर?" मी समजावत राहिले. बिडी सुटताना मात्र नानांनी घर डोक्यावर घेतलं. सासूबाई म्हणायच्या, "पायनं मंग देखू, पहिले यास्नं तोंड बंद करा." दोनदा ते गोठ्यामागे बिडी ओढताना सापडले. तिसऱ्यांदा सापडल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

दिवाळीला गेले तेव्हा सासूबाई एकट्याच ओसरीत वाती वळत होत्या.

"नाना कुठे?"

"मळामां. आते घरमां सापडतस का? बटाईवालाले बी नही सांगी टाकं."

तक्रारीचा सूर होता, पण हात थांबले नव्हते. मी गोळ्यांचं नवं पाकीट फळीवर ठेवलं आणि दोघींपुरताच चहा टाकला.