गोदूबाईची मयत आणि दिल्लीचा फोन

सत्तावन्न साली कोष्टीपुऱ्यातली गोदूबाई लोकसभेला उभी राहिली, तेव्हा पुऱ्याच्या चहाला आठवडाभर साखर लागली नाही. विषयच तेवढा गोड होता. नवरा गेल्यावर त्याचाच माग चालवून बाईनं दोन पोरी उजवल्या होत्या. "लुगड्याचा काठ कधी सुटू देला नाही, त दिल्ली सोडतो काय?" असं ती म्हणे.

घोडं अडलं होतं पुऱ्याचे पंच नत्थूजी यांच्यापाशी. त्यांची मान हलेल तिकडं सारा पुरा झुके. आणि ते तर पानठेल्यावर सांगत सुटलेले, "उन्हातान्हात पायी फिरून राहिली. मतदानाच्या पह्यलेच मरते का नाही, पाहा!"

यावर प्रचार सांभाळणाऱ्या बाबनराव वकिलांनी तोड काढली. हे राहणारे पांढरपेशा धरमपेठेतले, पुऱ्यात नवखे. पक्षाचे अध्यक्ष दिल्लीहून गोदूबाईच्याच गल्लीतल्या सूतवाल्या शेठच्या दुकानात ट्रंक कॉल करतील, फोन भोंग्याच्या माइकला लावायचा. खुद्द अध्यक्षांनीच मत मागितल्यावर नत्थूजी काय बोलणार?

दुपारी घंटी वाजली, पण मागांच्या खटखटीत काही ऐकू येईना. "माग बंद करा हो!" बाबनराव ओरडले. गोदूबाईनंही हात केला आणि तिची गल्ली चिडीचूप झाली.

आता पुऱ्याची रीत अशी, की भरदिवसा गल्लीचे माग थांबतात ते कुणी मेलं तरच. फोनच्या नादात बाई तेच विसरली. शेजारच्या गल्ल्या मात्र विसरल्या नव्हत्या.

"गेली वं माय, गोदू गेली!" बाया ऊर बडवत निघाल्या. पुढं नत्थूजी, खांद्यावर तिरडीचे बांबू, डोळे पाझरताहेत.

दुकानाच्या पायरीवर गोदूबाई, कानाला फोन.

"काहून रडून राहिले गा सारे?"

"तू जित्ती हायेस वं?" नत्थूजींनी विचारलं.

बाईला उमगलं. फोनमध्ये अध्यक्ष "हॅलो, हॅलो" करत होते.

"बाई, बोला ना!" बाबनराव फोनकडे बोट दाखवू लागले.

"थांबा म्हणा त्याइले. माह्या मयतीचे लोकं आले, पह्यले त्याइले मत मांगतो." फोन वकिलांच्या हाती कोंबून तिनं माइक ओढला आणि नत्थूजींकडे वळली. "काकाजी, मेल्यावर खांदा द्याले धावत आले ना? थोच आज द्या. मी मत मांगून राहिलो, तेरवी नाही."

नत्थूजींनी उपरण्यात नाक शिंकरलं.

"तिरडीचे बांबू घरी वापस नेत नाही वं कोणी. खांदा देतो, पण घाटावर नाही, दिल्लीपावतर."

संध्याकाळी त्याच बांबूंवर पक्षाचे झेंडे चढले. अध्यक्ष काय बोलले, ते पुऱ्यात अजून कुणी विचारलेलं नाही.