खिरीतलं मीठ

काकांची रीत ठरलेली होती. गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, पोटाला उलटा हात लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. “गरम हाय. वाढा.” नाहीतर, “थांबा. अजून एक उकळी येऊ द्या.” या निकालावर अपील नव्हतं. नवरदेवाचा बाप आला तरी नाही आणि विहार समितीचा अध्यक्ष आला तरी नाही.

गोंदियात स्टेशनजवळच्या एका खाणावळीत ते आचारी होते. आमच्या वस्तीत मात्र ते सगळ्यांचे काका होते. लग्न असो, नामकरण असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, विहाराच्या मागच्या अंगणात चूल त्यांचीच पेटायची. वस्तीचं काम म्हणून एक पैसा घ्यायचे नाहीत. त्याचा मोबदला शिस्तीच्या रूपाने पुरेपूर वसूल करायचे.

वाढायला उभे राहणाऱ्यांची ते आधी रांग लावायचे.

“नखं दाखवा, सर.”

“अहो काका, मी मास्तर आहे.”

“म्हणून तं म्हणलं. खडू असन.”

शाळेत मी पोरांची नखं तपासायचो आणि इथे हात पुढे करून पोरासारखा उभा राहायचो. एकदा खरंच खडू निघाला. तेव्हापासून मी वाद घालणं सोडलं.

कच्च्या कोंबडीची सुरी त्यांनी वेगळी ठेवली होती आणि तिच्या मुठीला लाल चिंधी बांधली होती. त्या सुरीने एका पाहुण्याने कांदा कापायला घेतला, तर त्यांनी कांदे फेकले, पाट धुतला आणि पाहुण्याला लांब खुर्चीवर बसवून चहा दिला. “तुमी बसा, भाऊ. तुमी पाहुणे.” यापेक्षा सभ्य हकालपट्टी मी पाहिलेली नाही.

आता तुम्हाला वाटेल, माणूस घरीही असाच सोवळा असेल. अजिबात नाही. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खाणं आमच्या धानाच्या मुलखात घरोघरी चालतं आणि काकांचाही नाश्ता तोच होता. मी एकदा त्यांना रंगेहाथ पकडलं.

“हे चालते का तुम्हाला?”

“हे माह्या पोटावर करून राहिलो, सर. लोकाच्या पोटावर नाही करत.”

या माणसाच्या आयुष्यात नक्की काहीतरी वाईट घडलं असणार, असं मला वाटायचं. त्यांच्या हातचं खाऊन कोणी दगावलं असेल, पोटचं पोर गेलं असेल. आपल्याला प्रत्येक सवयीमागे एक गोष्ट लागते. शेवटी विचारलंच.

“काही व्हावंच लागते का, सर?” ते म्हणाले. “गाडीखाली आल्यावरच रस्ता पाहून चालाचं का?”

त्यांना वस्तीच्या मनातून उतरवलं ते बुद्धपौर्णिमेच्या खिरीने. समितीचा सचिव मी होतो, म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी.

त्या वर्षी खिरीचं सगळं दूध शेवटच्या गल्लीतल्या आजीने दिलं होतं. आजी रोवणीला, निंदणाला जाणारी बाई. तिची एकुलती एक लेक आदल्या हिवाळ्यात गेली होती. “तिच्या नावानं वस्तीचं तोंड गोड होऊ द्या,” एवढंच तिचं मागणं होतं. कार्यक्रम सकाळी अकराला. काकांनी साडेदहाला खीर उतरवली. घट्ट, वेलची घातलेली, अंगणभर वास. आजी नवं लुगडं नेसून गंजापाशी येऊन उभी राहिली.

पाहुणे वक्ते मात्र आले नाहीत. फोन केला की “जवळच आहोत” म्हणायचे आणि त्यांचं जवळ काही संपत नव्हतं. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. मांडवाखालीही वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता.

एक वाजता काकांनी मला बाजूला घेतलं. “वाटून टाका, सर. दुधाची चीज हाय. चूल चालू ठेवली तं बुडाले लागते, बंद केली तं नासते.”

“पहिली वाटी पाहुण्यांच्या हातून द्यायचं ठरलंय काका. पत्रिकेत छापलंय. थोडं थांबू.”

दोन वाजता ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच म्हणालो, या वेळी जरा चिडून. त्यांनी ओलं पोतं गंजाभोवती गुंडाळलं आणि शेजारी बसून राहिले.

पाहुणे आले चारनंतर. बोलले तासभर. मग खिरीवरचं झाकण निघालं. आजीने वाटी पुढे केली, पाहुण्यांनी पळी उचलली, माणसं ताटल्या घेऊन उठली. काकांनी गंजाला उलटा हात लावला. डोळे मिटले नाहीत. उठून मिठाची आख्खी थैली आणली, फाडली आणि सगळी खिरीत ओतली.

आजी हातातल्या वाटीसकट जमिनीवर बसली. तिचं ते रडणं अजून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी मी त्यांच्यावर ओरडलो. नुसतं ‘वाटू नका’ म्हणायचं होतं, मीठ कशाला?

“मी नाही म्हणलं असतं, तं तुमी ऐकलं असतं का?” त्यांनी विचारलं. “दुपारी ऐकलं का?”

खीर खड्ड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी एका कुत्र्याने तो खड्डा उकरला, खीर चाटली आणि ते वस्तीभर शेपटी हलवत फिरलं. लोकांनी ते कुत्रं एकमेकांना दाखवलं. “पाहा, कुठे काय झालं?” कोणी आजारी पडलं नव्हतं, त्यामुळे काका खोटे ठरले. कोणी आजारी पडलं असतं, तर खीर त्यांचीच होती. त्यांना सुटायला वाट नव्हती.

समितीची बैठक झाली. त्यांना बोलावलंही नाही. “आधी सांगायला यांचं तोंड शिवलं होतं का?” अध्यक्ष म्हणाले. माझ्यासमोर इतिवृत्ताची वही होती. ‘यापुढे स्वयंपाकासाठी बाहेरचा आचारी बोलवावा’ हा ठराव मी चांगल्या अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

त्यानंतर काका पंगतीला यायचे, शेवटी बसायचे, वाढतील ते खायचे आणि नव्या आचाऱ्याला “छान झालं” म्हणून जायचे. आजी त्यांच्याकडे पाहायचीही नाही.

दोन वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. ते आता उठत नाहीत असं कळलं, तेव्हा आजी माझ्या दारात आली. “चाला, सर. मले त्याले एक गोष्ट पुसाची हाय.”

काका भिंतीला टेकून होते. हाताची नुसती काडी झाली होती. त्यांच्या सुनेने मला पाणी आणून दिलं. आजी खाटेजवळ खाली बसली.

“माह्या लेकीच्या नावाची खीर होती, ठाऊक होतं ना तुले?”

“होतं, बाई.”

“मंग नासून राहिली तं आधी काऊन नाही सांगितलं? मी दुपारीच वाटली असती. कोणाच्या बापाची वाट नसती पाह्यली.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काही बोलतो का, एवढंच पाहिलं. मी पेला तोंडाला लावला.

“ध्यानातच नाही आलं, बाई,” ते म्हणाले. “चुकलं माह्यं.”

आजीने डोळे पुसले. त्यांच्या पायावरची चादर नीट केली आणि उठली.

दहा-बारा दिवसांनी ते गेले. अंत्ययात्रेहून परतताना मी घरी न जाता सरळ आजीकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. एक वाजता ते काय म्हणाले, दोन वाजता काय म्हणाले आणि दोन्ही वेळा मी काय उत्तर दिलं. पत्रिकेचंही सांगितलं.

तिचा हात सुपात थांबला.

“मले कायले सांगता आता?” ती म्हणाली. “तो जिता होता, सर. तुमी तिथंच बसून होते.”