सहा आठवड्यांचे स्पेनवाले सर

"पोको अ पोको," असं सर म्हणायचे आणि दोन्ही तळवे हवेत अलगद खाली न्यायचे, फुगलेल्या पुरीला दाबावं तसे. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ हळूहळू. शिपायाला चहा आणायला उशीर झाला, पोको अ पोको. पोर्शन अर्धा राहिला, पोको अ पोको. आणि हे ते कुठे सांगायचे, तर परभणी जिल्ह्यात. इथं हळूहळू कसं चालायचं हे कोणाला शिकवायला परदेशातून यावं लागत नाही.

तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल. एकदा विमानात बसला की तो पुन्हा खाली उतरतच नाही. हे सर आमच्या सेलूच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे आणि मी इतिहास. कुठल्याशा संस्थेची योजना निघाली होती. उन्हाळ्यात सहा आठवडे स्पेनला जायचं, सकाळी तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि दुपारी आपण स्पॅनिश शिकायचं. सरांनी अर्ज केला आणि निवडही झाली. जाण्याआधीच त्यांनी स्वतःचा सत्कार घडवून आणला. ऐन मे महिन्यात ते कोट घालून खुर्चीत बसले होते. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. कोणी विचारलं तर म्हणाले, "सवय करतोय."

त्याच आठवड्यात बारावीचा निकाल लागला. वालूरहून जीपने येणारी वैष्णवी सगळ्या विषयांत पास झाली, फक्त इंग्रजीत गेली. तिला परभणीला नर्सिंगला जायचं होतं. बारावी पास झाल्याशिवाय तिथं प्रवेश नव्हता. तिचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, फेरपरीक्षेत निघाली तर पाठवतो मी. न्हाई तर सोयरीक आलेली हाय, उरकून टाकतो."

सरांनी तळवे खाली नेले. "मामा, काळजी करू नका. मी तिकडून रोज घेतो तिचा तास, मोबाइलवर. संध्याकाळी सहाला." वैष्णवीने वहीच्या मागच्या पानावर 'सहा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सर गेले आणि आमच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू झाला. सर टोपीत, सर समुद्रापुढे, सर हातात संत्रं घेऊन. मराठवाड्यातल्या माणसाने संत्र्यासोबत कशाला फोटो काढावा, हे मला अजून कळलेलं नाही. एकदा त्यांनी लिहिलं की इथले लोक दुपारी जेवून झोपतात, याला सिएस्ता म्हणतात, आपण हे शिकायला हवं. मी तो मेसेज वाचला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि आमच्या गल्लीत झाडून सगळे घोरत होते. त्यांच्यापैकी कोणीही कसला अर्ज भरलेला नव्हता.

वैष्णवीचा तास त्यांनी तीन दिवस घेतला. चौथ्या दिवशी सहल होती. पाचव्या दिवशी फोन उचलला नाही. मग तो वाजतच राहिला.

आठवडाभराने वैष्णवी आईला घेऊन सेलूला माझ्या घरी आली. आईच्या हातात आंब्यांची पिशवी होती.

"सर, इंग्रजीचे सर फोन उचलायले न्हाईत," ती म्हणाली. "परीक्षा जवळ आली. तुमी घेता का? तुमचं बी इंग्रजी चांगलं हाय म्हणतेत."

खोटं नव्हतं ते. पदवीला इतिहासासोबत माझं इंग्रजीही होतं. पण आमच्या स्टाफरूमचा एक रिवाज होता. दुसऱ्याच्या विषयाला हात लावायचा नाही. पूर्वी गणिताच्या सरांनी भौतिकशास्त्राची चार गणितं सोडवून दिली होती, तर ते आणि भौतिकशास्त्राचे सर दोन वर्षं एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायले. मी म्हणालो, "अगं, त्यांचा विषय आहे. त्यांना न विचारता कसं घेऊ? त्यांना काय वाटेल?"

"बरं," वैष्णवी म्हणाली. आंबे मात्र त्या दोघी ठेवून गेल्या आणि मी ते ठेवून घेतले.

पुढचे दिवस मी मोठ्या चवीने घालवले. सर कसे समुद्रात पाय बुडवून बसलेत आणि इकडे पोरगी कशी फोन लावतेय, हे मी भेटेल त्याला सांगायचो. वैष्णवी पुन्हा नापास झाली, तेव्हा तर माझ्याकडे सरांविरुद्ध पक्का पुरावाच आला.

सर परतल्यावर स्टाफरूममध्ये आले ते ऑलिव्हची बरणी घेऊन. सगळ्यांना एकेक फळ वाटलं. शिपायाने ते तोंडात घातलं आणि खिडकीबाहेर थुंकून टाकलं. मी मुद्दाम सगळ्यांसमोर वैष्णवीचं सांगितलं. सर म्हणाले, "अरेरे!" थोडा वेळ बरणीचं झाकण फिरवत बसले. मग तळवे खाली गेले. "फेब्रुवारीत बसू दे तिला. पोको अ पोको." दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. ती परत परीक्षेला बसलीच नाही.

पुढच्या वर्षी सर पुण्याच्या एका मोठ्या शाळेत गेले. तिथं म्हणे स्पॅनिशचा वेगळा तास असतो. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल मात्र अजून होते, आणि ती मी सगळ्यांत चांगली करतो.

गेल्या हिवाळ्यात सेलूच्या स्टँडवर वैष्णवी भेटली. कडेवर लेकरू होतं, कानटोपीतून नुसते डोळे दिसत होते. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "इंग्रजीचे सर कुठं असतेत आता?"

मला तर विषयच मिळाला. "पुण्यात! तुझं वाटोळं केलं बघ त्या माणसाने."

"न्हाई हो, सर," ती म्हणाली. "तीन दिवस का व्हईना, शिकवलं त्यांनी. पत्र कसं लिहायचं ते त्यांच्यामुळंच आलं मला. पेपरात पत्र तेवढं सगळं लिहिलं व्हतं मी." तिने लेकराची टोपी सारखी केली. "बाकीचं सांगायला कोणी न्हवतं."

ती हे तक्रारीने म्हणाली नाही. तेवढ्यात पाथरीची बस लागली. मी तिची पिशवी वर दिली. खिडकीतून तिने लेकराचे दोन्ही हात धरून माझ्यासमोर जोडले आणि त्याला म्हणाली, "सर हायेत आपले."

तिने शिवी दिली असती तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.