बनुबाईची थू थू

आष्ट्याच्या बनुबाईचं तोंड म्हणजे तोफखाना. कुणी शब्द फिरवला, की भर चौकात विचारायची, "थुंकलेलं चाटतोस व्हय रं मुडद्या?" नगरसेवकाची थुंकी झेलणाऱ्या पुतण्याला तर तिनं दारातही उभं केलं नव्हतं. पण गल्लीतलं पोर किरकिरलं, की आया तिच्याकडंच यायच्या. मीठमोहरी ओवाळून ती पोरावर तीनदा "थू थू" करायची नि पोर झोपायचं. दृष्ट उतरून की रडून दमून, देव जाणे!

दिवाळीनंतर तिला खोकला लागला. एका सकाळी मिश्री लावून मोरीत थुंकली, तर काळ्यात लाल! हिरडी सोलली असंल, असं म्हणत तिनं मोरीत घागर ओतली. पण नवरा असाच खोकत गेला होता, आणि त्याची ताटवाटी तिनंच वेगळी केली होती. आता आपलीही होणार. मग आठ महिन्यांची नात मांडीवर कोण देतंय?

म्हणून बया गप्प बसली. संध्याकाळी सून दीपमाला सृष्टीला घेऊन आली. "आत्ती, दृष्ट काढा की हिची." नाही म्हणावं, तर का म्हणून विचारणार. बनुबाईनं तोंड लांब धरून थू थू केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. रोजच केलं. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

आणि एका संध्याकाळी मांडीवरची सृष्टी खोकली.

"घे हिला!" बनुबाई किंचाळली. "माझ्याजवळ आणू नगंस!"

दीपमालाला काही समजेना. दुसऱ्या दिवशी बनुबाई मुकाट्यानं सरकारी दवाखान्यात गेली, डबीत थुंकी देऊन आली. निकाल घ्यायला मात्र सून पोरीसकट सोबत गेली. टीबी निघाला.

"औषधानं बऱ्या व्हाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बाळाला आजच तपासायचं. रक्त कधीपासून पडतंय?"

"काल-परवापासून असंल," दीपमालाच बोलली. "आदी असतं तर आत्तीनं सांगितलं असतं."

मान डोलावली असती, तरी निभावलं असतं. पण बनुबाईनं सृष्टीकडं पाहिलं.

"महिना झाला," ती म्हणाली. "मला ठावं हुतं. तरी रोज हिच्या तोंडावर थू थू करत हुते."

दीपमालानं पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं आणि खुर्ची मागं सरकवली.