भिंतीकडची सायकल

"अगं, राहिलेले ठिपके मी लावून टाकले काल. तुला सांगायचंच राहिलं बघ."

"कुठले ठिपके?"

"तुझे ते लाल. भिंतीकडच्या सायकलींचे. तू चाकाच्या ट्यूबा आणायला गेलीस तेव्हा म्हटलं, सूनबाई एकटीच मरमर मरतीय, तेवढाच आपला हातभार."

सुनेनं चहाचा कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे तो हातातून सुटला आणि सुदैवानं खाली ओटा होता.

हातात सदा पाना, म्हणून गावात तिला पानेवाली म्हणत. सासऱ्याचं पंक्चरचं खोपटं होतं, ते तिनं हातात घेतलं आणि त्याचं दुकान केलं. तिची कामाची एक रीत होती. बोल्ट हातानं बसवायचा, मग चावीनं आवळायचा, आवळून झाला की त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवायचा. ठिपका असला की झालं, पुन्हा बघायचं नाही. शर्यतीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा माणसाची आठवण दगा देते. ठिपका देत नाही, असं ती म्हणायची.

काल भिंतीशी तीन सायकली होत्या. दोन गावातल्याच गिऱ्हाइकांच्या, त्या अजून तिथंच होत्या. तिसरी पाहुणीची.

पाहुणी म्हणजे त्यांच्या झोपायच्या खोलीत भाड्यानं उतरलेली बाई. मोठ्या शहरात हिशेबनीस होती. घरची माणसं आठवडाभर दुकानातच टायरांच्या वासात झोपत होती. पाहुणीला हँडल थोडं वर हवं होतं, पण नक्की किती ते जेवून आल्यावर बसून बघते म्हणाली. म्हणून पानेवालीनं हँडल धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट नुसते हातानं बसवून ठेवले होते. पाहुणी आली, बसली, "अगदी बरोबर आहे ताई" म्हणाली. पानेवालीनं वाकून बघितलं. चारही बोल्टांवर ठिपके. आपणच मघाशी आवळले असतील असं वाटलं, कारण डोक्यात त्या वेळी दुसऱ्याच कुणाचं गियर अडकलं होतं. तिनं सायकल हातात दिली.

"अहो आई, पण ते आवळले नव्हते!"

"ते मला काय माहीत? मला वाटलं शोभेला लावतेस."

फोन लावला तर तो आतल्या खोलीत उशीखाली वाजायला लागला. पाहुणी फोन ठेवून आजच्या शर्यतीला गेली होती. पोहायला फोन कशाला लागतो? नवऱ्याला लावला. तो बस चालवायचा. त्याची बस गावाच्या पलीकडं, शर्यतीसाठी रस्त्याला बांधलेल्या दोरीमागं अडकून पडलेली. "आज मी काय करू शकतो?" म्हणाला. "बस इथं झाडासारखी उभी आहे."

शर्यत तळ्यावरून सुटायची. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सायकलवाल्यांना डोंगर चढून पलीकडं खाणीच्या अंगानं उतरायचं होतं. चढाला एक वेळ धकलं असतं. पण उतारावर वेगात ब्रेक दाबला, सगळं अंग हँडलवर आलं आणि ते हँडल गरकन फिरलं, तर पुढं खाणीचं वळण. पानेवालीनं बोल्ट आवळायची चावी, ती ॲलन-की, ओच्यात खोचली, बाजारहाटाची टोपलीवाली सायकल काढली आणि बोळात शिरली.

मोठा रस्ता बंदच. या दोऱ्यांना तिनं आजवर काय कमी शिव्या दिल्या होत्या? सासूचा दुखरा दात दोरीअलीकडं आणि दातांचा डॉक्टर पलीकडं असं झालेलं. शर्यतीच्या दिवसांत नळाला करंगळीएवढी धार, भाजीवाला तोंडाला येईल तो भाव सांगणार, आणि सकाळी बघावं तर कुणी धडधाकट माणूस आपल्याच भिंतीकडं तोंड करून उभा. सासरे गेले तेव्हा त्यांना शेवटचं नेतानाही शेवटचा सायकलवाला जाईपर्यंत थांबावं लागलं होतं. "जन्मभर या लोकांची पंक्चरं काढली, आणि याच लोकांनी त्यांना रांगेत उभं केलं," असं सासू अजून म्हणते. पण ते खोपट्याचं दुकान झालं ते याच लोकांच्या जिवावर. लेकीची शाळा त्यांच्यावर, डोक्यावरचे पत्रे जाऊन आलेला स्लॅब त्यांच्यावर. खाल्ल्या ताटाला नावं कशी ठेवायची? ठेवायची, पण घरात बसून.

तळ्याकाठी कुंपण घालून आत शर्यतीच्या सायकली लावल्या होत्या. दारात शिट्टीवाला पंच.

"आत फक्त खेळाडू, मावशी."

"अहो, एका सायकलीचं हँडल ढिलं आहे. मला दोन मिनिटं आत सोडा."

"कुणाची? नंबर सांगा."

नंबर तिला कुठला माहीत? ती सायकली ओरखड्यांवरून ओळखायची. "काळी आहे. मागच्या चाकाच्या एका तारेवर निळी चिकटपट्टी आहे."

पंचानं मागं वळून बघितलं. काळ्या सायकलींचं नुसतं रान उभं होतं. "ढिलं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

आजूबाजूला गावातली माणसं होती. गिऱ्हाइकं होती. पलीकडच्या चौकात नवं चकचकीत दुकान काढलेला सायकलवालाही होता, कान टवकारून. पानेवालीचा आवाज एकदम खाली गेला. "मीच... दुरुस्त केली होती."

"काय? मोठ्यानं बोला!"

तेवढ्यात ओरडा झाला. पाण्यातून माणसं बाहेर यायला लागली होती, आणि त्यांच्यात पाहुणी, निथळत, पळत. पानेवाली कुंपणाला चिकटून "थांबा! थांबा!" म्हणून ओरडायला लागली, आणि भोवतीचे सगळे "थांबू नका! थांबू नका!" म्हणून. पाहुणीनं तिला बघितलं, हसली, अंगठा वर केला, सायकलीवर टांग मारली आणि गेली.

आपण मोठ्यानं का नाही बोललो? त्या एका क्षणानं तिला पुढं वाटभर कुरतडलं.

डोंगरावर डांबरी रस्ता वळणं घेत जातो. पण पाण्याच्या टाकीमागून जुनी पायवाट सरळ वर निघते. रस्ता नव्हता तेव्हा गाव तीच वापरायचं. तिनं सायकल टाकीशी टाकली आणि चढायला लागली. चपलेचा अंगठा तुटला. चप्पल तिथंच सोडली. छातीचा भाता झाला होता. हे लोक हौसेनं असं करतात, या विचारानं तिला तशातही रागच आला.

मध्यावर असताना पलीकडून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. ती जागीच थांबली. पाहुणी असेल का? इतक्यात कशी असेल? आणि असली तर आता वर जाऊन काय करणार? तरी ती चढली, कारण खाली जाऊन तरी काय करणार होती.

माथ्यावर दोरीपाशी आली. एक गेला, दोघं गेले, एक दाढीवाला तोंडानं फुसफुसत गेला. काळी सायकल आली, पण तारेला पट्टी नव्हती. पाहुणी पुढं गेली की मागं आहे? कुणाला विचारावं? मग शेवटच्या वळणावर पाहुणीचं लाल झालेलं तोंड दिसलं. पानेवाली दोरीखालून वाकून भर रस्त्यात उभी राहिली.

"ताई, सरका! अहो सरका! कुणाची मदत घेतली तर मी बाद होते!"

"व्हा बाद!" पानेवालीनं हँडल धरलं आणि दोन्ही हातांनी खाली दाबलं.

हँडल मान टाकल्यासारखं खाली फिरलं.

पाहुणी त्या हँडलकडं बघत राहिली. मग पुढच्या उताराकडं. "चढावर वाटलं मला," ती हळूच म्हणाली, "हात खाली जातायत असं. म्हटलं दमलेय म्हणून."

पानेवालीनं हँडल पुन्हा वर केलं आणि ती बोल्ट आवळायला लागली. मोटारसायकलवरचा पंच येऊन थांबला, त्यानं बघितलं आणि शिट्टी वाजवली. "बाहेरची मदत. नियम आहे बाई, माझा इलाज नाही."

"वर्षभर पहाटे उठले हो मी," पाहुणी म्हणाली. पंचाला नाही, पानेवालीला. "काल का नाही आवळलंत?"

सासूचं नाव ओठांवर आलं होतं. पानेवालीनं ते गिळलं. "ठिपका बघितला. बोल्ट नाही बघितला. चुकलं माझं."

पंचानं पाहुणीच्या अंगावरचा नंबर काढून घेतला.

"आता हे धरेल ना?" पाहुणीनं विचारलं.

"धरेल. दोन्ही ब्रेक लावत, सावकाश जा."

पाहुणी उताराला लागली. पानेवाली तिला खाणीच्या वळणापर्यंत बघत राहिली. वळणावर पाहुणीनं वेग कमी केला, सायकल सरळ राहिली आणि दिसेनाशी झाली. मागं वळून तिनं बघितलं नाही. बघेल कशाला?

घरी आली तेव्हा सासू उंबऱ्यात बसून होती, नेलपॉलिशची बाटली मुठीत धरून.

"भेटली का गं?"

"भेटली. जिवंत आहे."

"मग तोंड का असं?"

"शर्यतीतून बाद झाली. माझ्यामुळं."

"मी सांगते तिला. म्हातारीचा उद्योग म्हणून."

"तुम्ही काही सांगायचं नाही. ती काय सांगत सुटते ते बघू आधी."

"आणि मग दुकान?"

आत उशीखालचा फोन वाजायला लागला.

"उचलू?"

"राहू दे. तिच्या घरचे असतील. ती येईल आणि बोलेल."

पानेवालीनं भिंतीकडच्या दोन्ही सायकली उजेडात ओढल्या. फडक्याला थिनर लावून एकेक ठिपका पुसला. ढिले किती आणि आवळलेले किती, आता कुणालाच सांगता येत नव्हतं. तिनं पहिल्या बोल्टला चावी लावली. तो हलला नाही. दुसऱ्याला लावली. तो सहज फिरला.

तिनं तो आवळला, जमिनीवरच मांडी घातली आणि तिसऱ्याकडं वळली. आतला फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.